नवे वर्ष आणि उदास मन

एकतीस डिसेंबरची रात्र ही आनंदाचीच रात्र, असे आपण सर्वांनी मिळून ठरवून टाकले आहे. त्या रात्री जो हसत नाही त्याला कोणीतरी हटकून विचारतो, "काय रे, बरं नाही का?" आणि "छे, चांगला आहे की!" असे म्हणून तो बिचाराही हसू लागतो. दिवाळीत हेच घडते, लग्नकार्यात हेच घडते. आनंदाचा दिवस एकदा ठरला म्हणजे दुःखानेही त्या दिवशी सुटी घ्यावी, अशी आपली अपेक्षा असते. पण मन कॅलेंडर पाहून चालत नाही. उलट, सगळीकडे रोषणाई असली म्हणजे स्वतःच्या खोलीतला अंधार अधिकच डोळ्यांत भरतो.

प्रस्तुत लेख त्या न हसणाऱ्यासाठी आहे. तो लिहिण्याचा माझा अधिकार फार मोठा नाही. मी मानसशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि मागल्या वर्षी त्या रात्री न हसणारा मी स्वतःच होतो, एवढेच.

बंद खाणावळ

नाताळपासून नव्या वर्षापर्यंत आपल्या वसतिगृहाची खाणावळ बंद असते. मुले आपापल्या गावी जातात. मी जात नाही, कारण त्या दिवसांत माझ्या घराला कुलूप असते. माझे गाव बीड जिल्ह्यातले. दसरा-दिवाळीच्या आगेमागे आईवडील ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोच्या जोडीला तिकडच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणतात. माणसे दोन, पण नाव हत्याराचे! कारखान्याच्या हद्दीत कोप घालून ती दोघे राहतात. पूर्वी घरी आजी असायची. आता तीही नाही.

तर त्या रात्री तीन मजल्यांच्या इमारतीत मी आणि खाली रखवालदार मामा, असे दोघेच होतो. दुपारी स्टँडवरचा वडापाव खाल्ला होता, रात्री काही खाल्ले नव्हते. अंथरुणात पडून मोबाईलवर मित्रांची छायाचित्रे पाहत होतो. माझ्या खोलीतला जोडीदार घरच्या माणसांबरोबर कोकणात गेला होता. वाळूवर दोन्ही हात पसरून तो हसत उभा होता आणि मागे मावळता सूर्य होता. ते छायाचित्र मी किती वेळा पाहिले असेन, सांगता येत नाही. मग मनात हिशेब सुरू झाला. वर्षभरात काय केले? स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकाची पहिली वीस पाने वाचली. इंग्रजीत जेमतेम उत्तीर्ण झालो. वडिलांनी पाठवलेल्या पैशांतून काय उगवले? काही नाही. बाराच्या ठोक्याला गावात फटाके वाजले आणि मला रडू कोसळले.

हे सांगण्याचा हेतू सहानुभूती मिळवणे हा नाही. त्या रात्री मला जे कळत नव्हते ते पुढे अभ्यासात कळले, आणि ते आधी कळले असते तर ती रात्र इतकी लांब झाली नसती, म्हणून लिहितो.

हिशेबाची तारीख

पहिला प्रश्न असा की, ही उदासी नेमकी नव्या वर्षाच्या तोंडावरच का दाटते?

इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना चार्ल्स लॅम हा निबंधकार परिचित आहे. 'एलिया' या टोपणनावाने लिहिलेला त्याचा नववर्षाच्या पूर्वसंध्येवरचा निबंध जानेवारी १८२१ च्या 'लंडन मॅगझिन'मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या वर्षाला निरोप देणाऱ्या घंटा ऐकल्या की गेल्या बारा महिन्यांत केलेले, भोगलेले आणि करायचे राहून गेलेले सारे मनात गोळा होते, असा त्याचा अनुभव त्याने सांगितला आहे. लॅम तरुणपणी मानसिक आजारामुळे काही आठवडे रुग्णालयात राहिलेला होता. मनाचा अंधार त्याला पुस्तकातून ठाऊक झालेला नव्हता. दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधल्या त्या कारकुनाला घंटा ऐकून जे होत होते, तेच मला फटाके ऐकून झाले.

जानेवारी हे नाव रोमन देव जानस याच्यावरून आले, असे मानतात. त्याला दोन तोंडे. एक मागे पाहणारे, एक पुढे पाहणारे. नववर्षाची रात्र आपल्याला जबरदस्तीने असे दुतोंडी बनवते. मागे पाहावे तर न झालेल्या गोष्टी दिसतात, पुढे पाहावे तर त्या पुन्हा होणार नाहीत अशी धास्ती वाटते.

परंतु जरा थांबून विचार केला तर ही हिशेबाची तारीख माणसानेच ठरवलेली आहे. ज्युलियस सीझरची सुधारलेली कालगणना इसवी सनापूर्वी ४५ मध्ये १ जानेवारीला सुरू झाली. खुद्द इंग्लंडात १७५१ पर्यंत कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. आपल्याकडे तर वर्षारंभांचा तोटाच नाही. चैत्रात गुढीपाडवा, व्यापाऱ्यांच्या नव्या वह्या दिवाळीत, सरकारचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला, आणि शाळेचे वर्ष पावसाबरोबर जूनमध्ये. मग ३१ डिसेंबरच्या रात्रीच आयुष्याचा ताळेबंद का जुळला पाहिजे? आकाशात त्या रात्री काहीही विशेष घडत नाही. जे घडते ते आपल्या मनात घडते, आणि मनात घडणाऱ्या गोष्टीकडे नीट पाहता येते.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक (१९२१–२०२१) यांनी हेच केले. निराश रुग्णांच्या मनात आपोआप उमटणारे विचार त्यांनी टिपले. त्यांत त्यांना तीन सूर पुन्हापुन्हा आढळले: मी नालायक आहे, जग माझ्या विरुद्ध आहे, आणि पुढेही असेच होणार. हे विचार खरेपणाचा आव आणून येतात, पण तपासून पाहिले तर त्यांत ठरावीक चुका असतात. एक चूक म्हणजे 'सगळे किंवा काहीच नाही' अशा दोनच कप्प्यांत जगणे. 'वर्षभरात काहीच केले नाही' हे माझे वाक्य पाहा. त्या वर्षी मी दोन सत्रे उत्तीर्ण झालो होतो, एका लहान चुलतभावाला अंकगणित शिकवले होते, आजीच्या शेवटच्या आजारात तिच्याजवळ बसलो होतो. माझ्या वहीत खर्चाची बाजू भरलेली होती आणि जमेच्या बाजूचे पानच कोणी फाडून नेले होते. उदास मन खोटे बोलत नाही, अर्धे बोलते. म्हणून ते पटते.

बेक यांच्याही आधी, १९५५ पासून, ॲल्बर्ट एलिस यांनी अशीच विचार तपासण्याची पद्धती मांडली होती. आपल्याकडे तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत पोचवली. 'मला अमुक मिळाले तर बरे' या इच्छेचे 'मला अमुक मिळालेच पाहिजे' या हट्टात रूपांतर झाले की दुःख दुप्पट होते, हा एलिस यांचा मुख्य मुद्दा. 'नववर्षाला मी आनंदी असलेच पाहिजे' हा असाच एक 'च' आहे. मराठीत एका अक्षराने केवढा अनर्थ होतो पाहा!

दुसऱ्याची खिडकी

दुसरे कारण तुलनेचे. लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ मध्ये मांडले की, स्वतःला जोखण्याचे बाहेरचे माप हाताशी नसले म्हणजे माणूस इतरांशी तुलना करून स्वतःला मापतो. आयुष्य कसे चालले आहे हे मोजायला फूटपट्टी नाही. म्हणून आपण शेजाऱ्याच्या खिडकीतून आत डोकावतो. पूर्वी खिडकी एक होती, आता हातातल्या मोबाईलमध्ये तीनशे खिडक्या आहेत, आणि प्रत्येकीत दिवा लागलेला आहे.

गंमत अशी की, या खिडक्यांत दुःख दिसत नाही. २०११ साली अलेक्झांडर जॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेले संशोधन प्रसिद्ध झाले. बरोबरीच्या मुलांच्या वाट्याला येणाऱ्या दुःखद प्रसंगांचा आणि भावनांचा अंदाज विद्यार्थी प्रत्यक्षापेक्षा कमी करतात, असे त्यांना आढळले. कारण साधे आहे. आपण हसतो चारचौघांत आणि रडतो एकटे. प्रत्येकाला वाटते, रडणारा मी एकटाच. माझ्या जोडीदाराच्या त्या वाळूवरच्या छायाचित्राविषयी मला पुढे काय कळले ते यथावकाश सांगतो.

अवाढव्य संकल्प

तिसरे कारण संकल्पांचे. नव्या तारखेला नवी सुरुवात करावीशी वाटणे स्वाभाविक आहे आणि त्यात वाईट काही नाही. वाईट आहे ते संकल्पाचे आकारमान. 'उद्यापासून पहाटे चारला उठणार, रोज दहा तास अभ्यास करणार, मोबाईलला हात लावणार नाही.' जानेवारीच्या पाच-सहा तारखेला हा डोलारा कोसळतो आणि आपण म्हणतो, माझ्यात निश्चयच नाही. जॅनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन या संशोधकांनी या चक्राला 'खोट्या आशेचे दुखणे' अशा अर्थाचे नाव दिले आहे. अवास्तव आशा, अपयश, आत्मनिंदा आणि पुन्हा तेवढीच अवास्तव आशा.

सवय लागायला किती दिवस लागतात? एकवीस दिवस, असे सर्रास सांगितले जाते. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ठरावीक वेळी फळ खाणे, पाणी पिणे, धावणे अशा साध्या गोष्टी अंगवळणी पडायला मध्यममानाने ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडले नाही, असेही त्यात दिसले. सहा जानेवारीला हताश होणाऱ्यांनी हे वाक्य खोलीच्या भिंतीवर लिहून ठेवावे.

थंडी, अंधार आणि जागरण

हिवाळ्यातल्या उदासीची चर्चा निघाली की काही जण सूर्यप्रकाशाच्या अभावाकडे बोट दाखवतात. नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ऋतुजन्य नैराश्याचे वर्णन केले आणि प्रखर प्रकाशाचा उपचार सुचवला, हे खरे. पण ते प्रामुख्याने उत्तरेकडच्या देशांचे दुखणे. डिसेंबरच्या अखेरीस नॉर्वेतल्या ऑस्लो शहरात दिवस सुमारे सहा तासांचा असतो. मुंबईत तो जवळजवळ अकरा तासांचा असतो. तेव्हा आपल्या उदासीचा दोष सूर्यावर ढकलण्यात अर्थ नाही. आपण दुपारी बारापर्यंत पांघरूण डोक्यावर घेऊन पडलो तर मात्र गोष्ट निराळी!

आपल्याकडे सुटीत बिघडते ती दिनचर्या. तासाची घंटा नाही, खाणावळीची वेळ नाही, उठवणारे कोणी नाही. रात्री तीनला झोप, दुपारी जाग, एकवेळचे जेवण. अशा शरीरात मन ताजे राहील कसे? त्यात कोणी आग्रह करून हातात पेला दिला तर दुःखात भरच पडते. दारू मेंदूचे व्यवहार मंदावणारी आहे. ती तासभर विसर पाडते, झोप बिघडवते आणि दुसऱ्या दिवशी तेच दुःख व्याजासह परत करते.

उदासी आणि आजार

येथवर आपण साध्या उदासीविषयी बोललो. परंतु उदासी आणि नैराश्य हा आजार या एक गोष्टी नव्हेत, आणि हा फरक समजणे हाच या लेखाचा गाभा आहे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी मानसशास्त्राच्या मॅडमना भेटलो. मनातले सारे सांगितल्यावर त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "किती दिवस झाले असं वाटायला? आणि जे करायला तुला आवडायचं, ते अजून आवडतं का?" मी म्हणालो, "आठवडा झाला असेल, मॅडम. काल मुलांबरोबर क्रिकेट खेळलो तेव्हा बरं वाटलं." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग ही उदासी आहे. ओसरेल. पण पंधरा दिवसांनी परत ये आणि हेच दोन प्रश्न मी पुन्हा विचारीन."

हे दोन प्रश्न म्हणजे सहज केलेली विचारपूस नव्हती, हे मला पुढे पाठ्यपुस्तक वाचताना समजले. बहुतेक दिवस, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न असणे, किंवा कशातच गोडी न उरणे, ही नैराश्याची दोन मुख्य लक्षणे. त्यांच्या जोडीला झोप उडणे किंवा अतिझोप, भूक किंवा वजन यांत बदल, सततचा थकवा, हालचाली मंदावणे किंवा अस्वस्थ येरझाऱ्या, लक्ष न लागणे, आपण कवडीमोलाचे आहोत असे वाटणे, आणि मरणाचे विचार. दोन मुख्य लक्षणांपैकी निदान एक आणि एकूण पाच किंवा अधिक लक्षणे निदान दोन आठवडे टिकली आणि त्यांनी रोजचे व्यवहार अडले, म्हणजे डॉक्टर नैराश्याच्या आजाराचा विचार करतात. निदान मात्र त्यांनीच करायचे असते. आपण लक्षणांची यादी हाती घेऊन वसतिगृहभर रोगी शोधत हिंडायचे नाही.

आता त्या छायाचित्राची गोष्ट. माझा जोडीदार कोकणातून परतला तो गप्प गप्पच. तो तबला उत्तम वाजवतो. स्नेहसंमेलनात आपण सर्वांनी त्याला ऐकले आहे. पण तबल्याची पेटी कॉटखाली गेली ती बाहेर आलीच नाही. तो पहाटे तीन-चारला जागा होई आणि छताकडे पाहत पडे. तासांना जाणे सुटले. दोन-दोन दिवस आंघोळ नाही. आम्ही मित्रांनी आधी चेष्टा केली, मग 'आळशी झाला' म्हणून रागावलो. मला मॅडमचे प्रश्न आठवले ते फेब्रुवारीत. एका रात्री मी विचारले, "तुला तबला वाजवावासा वाटत नाही का रे?" बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "दिवाळीपासून काहीच वाटत नाही. आई म्हणाली हस, म्हणून फोटोत हसलो."

ज्या छायाचित्राशी तुलना करून मी रडलो, त्यातला हसरा माणूस माझ्यापेक्षा कितीतरी खोल पाण्यात होता. माझी उदासी आठ दिवसांत ओसरली. त्याला आजार होता, आणि त्याच्या उशाशी झोपणाऱ्या मला तो दिसला नाही. ही खंत माझ्या मनातून जात नाही. (हे लिहिण्यास त्याने संमती दिली आहे. लेख त्याने वाचला आहे आणि दोन ठिकाणी माझी भाषाही सुधारली आहे.)

मॅडमनी त्याच्या घरी कळवले. मोठा भाऊ आला आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेला. औषधे सुरू झाली, दर आठवड्याला समुपदेशन सुरू झाले. पहिले पंधरा दिवस काहीच फरक दिसेना, तेव्हा तो गोळ्या फेकून द्यायला निघाला होता. वस्तुतः या औषधांचा गुण दिसायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहूनही अधिक. आणि बरे वाटले तरी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करायची नसतात. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मी खोलीत शिरलो तेव्हा तो पेटी उघडून तबल्यावरची धूळ पुसत होता. वाजवला नाही, नुसता पुसला. मला तेवढे पुरले.

हा प्रकार विरळा आहे असे कोणी समजू नये. २०१५–१६ मध्ये बंगळूरच्या 'निम्हान्स' या संस्थेने बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. तीत प्रौढांपैकी सुमारे विसात एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याने गाठलेले आढळले, आणि या आजाराच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे पंच्याऐंशी उपचारांपासून दूर होते. आजारापेक्षा आजार लपवण्याचीच साथ मोठी आहे.

मग करावे काय?

साध्या उदासीत काय करावे, हे मला पुस्तकाआधी एका अशिक्षित माणसाने शिकवले. त्या ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजून गेल्यावर रखवालदार मामा वर आले. माझा चेहरा त्यांनी पाहिला असणार, पण विचारले काहीच नाही. "एकला काय बसतोस पोरा? शेकोटी केलीय, खाली ये," एवढेच म्हणाले. मी गेलो. त्यांनी चहा आणि भाकरी दिली. तासभर ते त्यांच्या शेळीविषयी बोलत होते. उठताना म्हणाले, "सकाळी झाडांना पाणी घालायचंय. हात लाव जरा." नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी सात वाजता मी कडूनिंबाच्या रोपांना बादलीने पाणी घालत होतो. दहा वाजेपर्यंत मला भूक लागली होती.

मामांना ठाऊक नव्हते, पण त्यांनी जे केले ते मानसशास्त्रात मान्यता पावलेले आहे. पीटर लेविनसन यांनी १९७० च्या दशकात मांडले की, उदास माणूस हालचाल कमी करतो, त्यामुळे समाधानाचे क्षण कमी होतात, त्यामुळे तो आणखी उदास होतो. हे चक्र तोडायचे तर मन लागण्याची वाट न पाहता आधी काम सुरू करायचे, अगदी लहान काम. १९९६ मध्ये नील जेकब्सन आणि सहकाऱ्यांना असे आढळले की, नैराश्याच्या रुग्णांत केवळ हा कृतीवर भर देणारा भाग पूर्ण बोधनिक उपचारपद्धतीइतकाच गुणकारी ठरला. आपण म्हणतो, 'मन लागलं की करीन.' खरा क्रम बहुधा उलटा असतो. केले की मन लागते.

यावरून सुटीसाठी मी स्वतःपुरते काही नेम केले आहेत, ते असे. उठण्याची वेळ कॉलेजच्या दिवसांचीच ठेवावी. सकाळचे ऊन अर्धा तास अंगावर घ्यावे, शक्यतो चालत. दोन वेळा जेवावे, आणि एक वेळ तरी कोणाच्या सोबतीने. ३१ च्या रात्री मोबाईल दहानंतर दूर ठेवावा. मनात हिशेब सुरू झालाच तर तो कागदावर मांडावा, आणि खर्चाच्या बाजूला एक ओळ लिहिली की जमेच्या बाजूला एक शोधून लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. संकल्प एकच करावा, आणि तोही इतका लहान की सांगताना थोडी लाज वाटावी. माझा यंदाचा संकल्प रोज इंग्रजीचे एक पान वाचण्याचा आहे. चार दिवस चुकले आहेत. वाचन चालू आहे.

जवळच्या माणसाचे काम

ज्याचा मित्र उदास आहे त्याच्यासाठी दोन शब्द. 'मन घट्ट कर', 'तुला काय कमी आहे?', 'आमच्याकडे बघ' ही वाक्ये आपण प्रेमाने बोलतो, पण ऐकणाऱ्याला ती दार लावून घेतल्यासारखी वाटतात. गीतेच्या पहिल्या अध्यायाला 'अर्जुनविषादयोग' म्हणतात. हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, धनुष्य निसटू लागले, असे अर्जुन सांगतो, आणि श्रीकृष्ण त्याला अध्यायभर बोलू देतो. पुढे तो रागावतो, समजावतो, सतरा अध्याय बोलतो. पण आधी ऐकतो. आपण मात्र पहिल्या वाक्यालाच अठरावा अध्याय सुरू करतो.

मित्र मरणाची भाषा करू लागला तर ती चेष्टा समजू नये. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे सरळ, शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट, मनावरचे ओझे बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नये, गुपित राखण्याचे वचन देऊ नये, घरच्यांना आणि अध्यापकांना लगेच कळवावे. १४४१६ हा केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, दिवसरात्र चालते आणि तेथे मराठीतही बोलता येते. पोलिसांच्या भीतीने गप्प राहण्याचेही कारण नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा प्रयत्नामागे तीव्र ताण असल्याचे गृहीत धरले आहे, आणि माणसाला शिक्षेऐवजी उपचार व मदत देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

अध्यापक वर्गास एक नम्र विनंती. जानेवारीच्या पहिल्या तासाला 'संकल्प काय केलेत?' असे आपण विचारता. त्याऐवजी एखाद्या वेळी 'सुटी कशी गेली?' असे विचारावे आणि उत्तरासाठी जरा थांबावे. खाणावळ बंद असताना वसतिगृहात कोण कोण उरले आहे याची एक यादी रेक्टरांच्या टेबलावर असावी, आणि ३१ च्या संध्याकाळी त्या यादीतल्या मुलांना कोणीतरी जेवायला बोलवावे. त्यास फार खर्च येणार नाही.

यंदाही नाताळच्या सुटीत मी येथेच होतो. ३१ च्या रात्री शेकोटीपाशी मामा होते, मी होतो आणि गावी न गेलेली आणखी तीन मुले होती. जोडीदाराने घरून फोन केला. छायाचित्र पाठवले नाही, पाच मिनिटे बोलला. बाराला फटाके वाजले तेव्हा मन जरा हलले, नाही असे नाही. पण मी मनाशी म्हणालो, ही दुसऱ्याच्या वहीची तारीख आहे. आमच्या गावाचे वर्ष अजून सुरू व्हायचे आहे. हंगाम आटोपून माणसे पाडव्याच्या सुमारास परततात, आणि मग एकेका घराचे कुलूप निघते. मुकादमाची बाकी तेव्हाही पुरती फिटलेली नसते, ती पुढच्या हंगामात ओढली जाते. तरीही आई दार उघडते, अंगण सारवते आणि गुढी उभारते. हिशेब जुळल्यावर गुढी उभारायची असती, तर आमच्या गावात ती कधीच उभी राहिली नसती.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष कला (मानसशास्त्र)